गिरणेवरचा सराव आणि तीर्थन नदीतले मोठे ट्राउट

खानदेशातल्या कोणत्याही नदीत ट्राउट सापडत नाही आणि सापडणे शक्यही नाही. या माशाला 20 अंश सेल्सिअसच्या आतले, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी 25 अंशांच्या आसपास गेले की तपकिरी ट्राउटचा जीव धोक्यात येतो. आमच्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावची हवा 45 अंशांवर जाते आणि गिरणेच्या उरल्यासुरल्या डोहांत दुपारी हात घातला, तर अंघोळीला काढलेल्या पाण्यात घातल्यासारखा वाटतो. तरीही मी जळगावात राहून फ्लाय फिशिंग शिकलो, त्याचा बहुतेक सराव गिरणा आणि तापी या नद्यांवर केला आणि सवड मिळेल तेव्हा हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जात राहिलो. या लेखात मला त्या छंदातल्या एकाच टप्प्याबद्दल सांगायचे आहे, तो म्हणजे मोठा मासा फ्लाय तोंडात घेतो त्या क्षणापासून तो हातजाळीत येईपर्यंतचा किंवा निसटेपर्यंतचा. फ्लाय कशी फेकावी आणि कोणती निवडावी हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. मासा लागल्यावर काय करायचे हे मात्र ‘सवयीने जमेल’ एवढ्यावर सोडून दिले जाते, आणि मोठा ट्राउट इतका क्वचित लागतो की ती सवय होईपर्यंत वर्षे निघून जातात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी साहित्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. नेहमीच्या गळाला शिशाचे किंवा आमिषाचे वजन असते आणि तेच दोरीला ओढत नेते. फ्लाय म्हणजे बारीक गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेला कीटक. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून इथे वजन दोरीतच ठेवलेले असते आणि ती जाड लाइन हवेत मागे-पुढे उलगडत फ्लायला पाण्यावर नेऊन ठेवते. लाइनच्या पुढे निमुळता होत जाणारा लीडर आणि लीडरच्या पुढे टिपेट नावाचा अतिशय बारीक नायलॉनचा धागा असतो. टिपेटची जाडी एक्स या मापात सांगतात आणि त्याचा हिशेब सोपा आहे: 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे तितके हजारावे भाग. म्हणजे 5 एक्स टिपेट 0.006 इंच, सुमारे 0.15 मिलिमीटर जाडीचे असते आणि ते साधारण दोन किलोच्या ताणाला तुटते. गाठीमुळे त्यातलेही काही बळ कमी होते. पाण्यातल्या माशाचे वजन आपल्याला उचलावे लागत नाही हे खरे असले, तरी प्रवाहाचा जोर पाठीशी घेऊन खाली धावणारा किलोभराचा मासा एका झटक्यात त्याहून जास्त ताण सहज निर्माण करतो. फ्लाय फिशिंगमध्ये मोठा मासा धरणे अवघड आहे ते या धाग्यामुळे, आणि धागा जाड घ्यावा तर नितळ पाण्यातला सावध ट्राउट फ्लायकडे फिरकत नाही.

मासा मुळात दोनच प्रकारे जातो. ताण जास्त झाला तर टिपेट तुटते, गाठ घसरते किंवा गळ वाकून सरळ होतो, आणि ताण नाहीसा झाला तर गळ तोंडातून निघून येतो. मासा गेल्यावर लाइन गोळा करून टोक नीट पाहणे ही मी स्वतःला लावून घेतलेली पहिली शिस्त आहे. टोकाला वेटोळे पडलेले असेल तर गाठ घसरलेली असते. टोकाच्या वरचा धागा नखाला खरखरीत लागला तर तो दगडाला घासलेला असतो. धागा वर गुळगुळीत आणि खाली एकदम तुटलेला असेल तर झटका बसलेला असतो. फ्लाय परत आली आणि गळ फाकलेला दिसला तर जोर जास्त झाला. ती जशीच्या तशी परत आली तर दोरीत ढील पडली किंवा गळ पहिल्यापासूनच नीट रुतला नव्हता. गेलेल्या प्रत्येक मोठ्या माशाबद्दल मी हे एका वहीत लिहून ठेवतो. ती वही पुढे पुढे वाचताना माझ्या लक्षात आले की, मोठा मासा ओढत असताना, म्हणजे आपल्याला सर्वांत भीती वाटते तेव्हा, तो फारसा जात नाही. तो जातो ताण एकदम बदलतो तेव्हा: स्थिर मासा अचानक धावला, धावणारा अचानक वळला, खोल असलेला अचानक वर उसळला किंवा दमलेला वाटणारा जाळी पाहून अचानक बुडाला. त्या अर्ध्या सेकंदात हात आधीच्याच स्थितीत राहिला की मासा गेलाच म्हणून समजावे.

हे मला कळायला सुरुवात झाली ती गिरणेवर, ट्राउटपासून बरेच दूर. गिरणेच्या डोहांत सायप्रिनस (कॉमन कार्प) मिळतो आणि फ्लायवर सराव करण्यासाठी आमच्या भागात याहून चांगला मासा नाही, असे माझे मत आहे. मरळ जोरदार झडप घालते, पण तिची लढत थोड्याच वेळात आटोपते. सायप्रिनस मात्र लांब, जड आणि न थांबणारी धाव घेतो आणि अगदी काठाजवळ आल्यावरही पुन्हा दोन-तीन वेळा खोल पाण्याकडे वळतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळची थंडी चांगली पडलेली असते आणि पाणी निवळलेले असते, तेव्हा तळातली माती उकरत फिरणारे हे मासे उथळ पाण्यात डोळ्यांनी दिसतात. धरणातून आवर्तन सुटले की डोहांना वाहते पाणी मिळते आणि प्रवाहात मासा सांभाळण्याचा सरावही होतो. जलाशयांतली मासेमारी बहुधा ठेक्याने सहकारी संस्थांकडे दिलेली असते. तिथे जाणाऱ्याने आधी त्या संस्थेला विचारावे, कारण त्या पाण्यावर कित्येक घरांचा चरितार्थ चालतो.

नदीकाठी जाळे टाकणारे एक वयस्कर भोई मला नेहमी भेटतात; सगळे त्यांना आबा म्हणतात आणि मीही तेच म्हणतो. त्यांनी आयुष्यभर हातदोरीने मोठे मासे काढलेले आहेत, आणि हातदोरीला ना लवचीक रॉड असतो ना रीळ, बोटे हेच तिथले सगळे यंत्र. सुरुवातीला मासा धावू लागला की मी रीळ घट्ट धरत असे. ते पाहून आबा म्हणाले, “भाऊ, जवय तो पयस, तवय पयू दे. थांबना का मंग वढ.” मी त्यांना विचारले, “आबा, पण तो थांबला हे तुम्हाला कळते कसे?” त्यांनी उत्तरादाखल माझ्या हातातली लाइन स्वतःच्या बोटांत घेतली आणि पुढचा सायप्रिनस लागला तेव्हा मला त्यांच्या मनगटाला हात लावून उभे केले. धाव संपण्याच्या आधी ओढ किंचित अडखळते, माशाच्या डोक्याचे झटके लाइनमधून जाणवतात आणि मग क्षणभर सगळे जड होऊन थांबते. आबांची बोटे त्या अडखळण्यालाच मिटायला लागत, थांबण्याची वाट पाहत नसत. फ्लाय फिशिंगची जी शिकवण मी वाचून मिळवली होती तिच्यात हे कुठेही नव्हते. रिळावर विसंबणाऱ्याला लाइन बोटांत धरण्याची गरज वाटत नाही आणि म्हणून माशाची चाहूलही लागत नाही, असे मला आजही वाटते.

दुसरा सराव घराच्या गच्चीवर झाला. मावसभावाने स्प्रिंगचा वजनकाटा हातात धरला, मी लाइनचे टोक त्याला बांधले आणि नऊ फुटी, पाच वजनाच्या (म्हणजे 5 क्रमांकाच्या लाइनसाठी असलेल्या) रॉडने वेगवेगळ्या कोनांतून ओढून पाहिले. रॉड सरळ आकाशाकडे धरून कितीही जोर लावला, रॉड मोडेल की काय असे वाटेपर्यंत वाकवला, तरी काटा अर्ध्या किलोच्या पुढे जाईना. तोच रॉड खाली आणून आडवा धरला आणि वाक टोकाऐवजी मुठीजवळच्या जाड भागात आणला, तेव्हा काटा दुपटीच्या पलीकडे सहज गेला. छायाचित्रांत मासेमार नेहमी रॉड उंच उभारलेला दिसतो आणि नवशिक्याला तीच रीत वाटते. प्रत्यक्षात त्या स्थितीत माशावर ताण फारसा येत नाही आणि लढत विनाकारण लांबते. उंच रॉडचा उपयोग एवढाच, की टिपेट झटक्यापासून वाचते आणि मधल्या खडकांवरून लाइन उचलून धरता येते. मासा वळवायचा असेल तर रॉड आडवा आणि खाली हवा, आणि ओढ माशाच्या शेपटीच्या दिशेने तिरकी हवी, म्हणजे त्याचे डोके फिरते आणि पोहण्याची लय तुटते. गच्चीवरच्या त्या संध्याकाळीचा मोठा फायदा असा झाला की, एक किलोचा ताण हाताला कसा लागतो हे मला डोळे मिटूनही ओळखता येऊ लागले. आपण टिपेटच्या मर्यादेपासून किती दूर आहोत हे ठाऊक असलेला माणूस घाबरून ढील देत नाही आणि घाबरून आवळतही नाही.

रिळाच्या ड्रॅगबद्दलही, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनला अडवणाऱ्या ब्रेकबद्दलही, एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कित्येक वर्षे मासेमारी करणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. ड्रॅग एकदा लावला की तो तसाच राहतो असे आपण धरून चालतो. पण मासा लाइन नेत जातो तसा रिळावरच्या गुंडाळीचा व्यास कमी होत जातो, आणि तो निम्मा झाला की त्याच ड्रॅगवर लाइन ओढायला दुप्पट जोर लागतो. त्यात पाण्यात पसरलेल्या लांब लाइनचे घर्षण मिळवले, तर मासा जितका दूर तितका टिपेटवरचा ताण आपण काहीही न करता वाढलेला असतो. म्हणून मासा दूर गेल्यावर आवळण्याची जी ऊर्मी होते तिच्या नेमके उलट करावे लागते: ड्रॅग थोडा सैल करून पायांनी अंतर कमी करावे लागते.

आता तीर्थनबद्दल. भुसावळहून दिल्लीपर्यंत रेल्वेने, तिथून मनालीच्या बसने औटपर्यंत आणि मग लारजीमार्गे बंजारच्या खोऱ्यात असा हा प्रवास आहे. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या परिसरातून उतरते. या उद्यानाला 2014 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथला तपकिरी ट्राउट मूळचा भारतातला नाही. ब्रिटिशांनी 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून काश्मीरमध्ये हा मासा रुजवला आणि काश्मीरमधून 1909 मध्ये तो कुल्लूच्या खोऱ्यात आणला गेला. मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, माशांच्या विणीच्या काळात, बंदी असते. बर्फ वितळून नदी फुगते त्याआधीचे मार्च-एप्रिल आणि पावसाळ्यानंतर पाणी निवळलेले असते ते सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. तिथे बहुतेक ट्राउट वीतभर किंवा त्याहून थोडे मोठे मिळतात. 40 सेंटिमीटरच्या पुढचा मासा माझ्या लेखी मोठा, आणि असा मासा नदीत कुठेही भटकत नसतो. एखादा मोठा धोंडा, पाण्याने पोखरलेला काठ किंवा अडकलेले झाड अशी त्याची ठरलेली जागा असते. गळ टोचताच तो पहिल्यांदा तिकडेच धाव घेतो.

पहिला खरा मोठा ट्राउट मला असाच एका धोंड्यापाशी लागला आणि तिथेच गेला. त्याने तिथून बाहेर येऊन निम्फ (पाण्याखालून वाहणारी फ्लाय) घेतली, डोके दोनदा हलवले आणि परत धोंड्यामागे गेला, आणि मी गिरणेवरच्या सवयीने त्याला धावू दिले. सायप्रिनसला मोकळ्या डोहात धावू देणे बरोबर होते. धोंड्यांनी भरलेल्या डोंगरी नदीत धाव कुठे संपणार हे आधीच ठरलेले असते. परत आलेले टिपेट बोटभर लांबीपर्यंत खरवडलेले होते. आबांचा नियम खोटा ठरला असे मी मानत नाही, पण त्याला एक पोटनियम जोडावा लागला: आडोसा जवळ असेल तर पहिल्या दोन मीटरांत, मासा पुरता सावरण्याच्या आत, असेल तेवढे बळ लावून त्याला वळवावे, आणि तो मोकळ्या पाण्यात आल्यावर मग हवे तितके धावू द्यावे. या पहिल्या काही क्षणांतला जोर टिपेटला झेपतो, कारण लाइन तेव्हा कमी बाहेर असते, घर्षण थोडे असते आणि रॉडचा सगळा लवचीकपणा शिल्लक असतो.

पुढे ऑक्टोबरमधल्या एका सकाळी गुशैनीच्या वरच्या अंगाला हे सगळे एकाच माशावर करून पाहण्याची वेळ आली. नदीचा मुख्य प्रवाह उजव्या काठाला घासून जात होता आणि डावीकडे पाणी संथ फिरत होते. या दोन्हींच्या मधल्या रेषेत, एका चपट्या धोंड्याच्या किंचित वर, माझी फेजंट टेल निम्फ तळाजवळून वाहत होती. लाइनचे टोक थांबले. मी रॉड वर न उचलता प्रवाहाच्या खालच्या दिशेने आडवा ओढला, कारण त्या दिशेने ओढले की गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. वर उचलला तर तो पुष्कळदा तोंडाच्या पुढच्या टोकाला लागतो आणि लवकर सुटतो. पलीकडून जड, सावकाश असे डोक्याचे झटके आले. लहान ट्राउट थरथरतो. मोठ्याचे झटके एकेक करून मोजता येतात.

त्या वेळी माझ्या पायांशी पाण्यात पाच-सहा हात मोकळी लाइन तरंगत होती. मोकळी लाइन हा सुरुवातीचा सर्वांत मोठा धोका आहे, कारण ती रॉडच्या मुठीला, बुटाच्या लेसला किंवा जाकिटाच्या बटणाला अडकली की टिपेट लगेच तुटते. पुष्कळजण ती रिळावर गुंडाळण्याची घाई करतात आणि तेवढ्यात माशावरचा ताण सुटतो. मी डाव्या हाताची बोटे सैल ठेवून लाइन त्यांतून जाऊ दिली, रॉड डावीकडे पाण्यालगत आडवा केला आणि मुठीपर्यंत वाक येईल इतका जोर लावला. मासा धोंड्याच्या कडेपाशी पोचला होता. तिथे त्याचे डोके फिरले आणि तो मुख्य प्रवाहात शिरला. सोबतचा स्थानिक तरुण ओरडला, “भाईजी, नीचे चलो!” प्रवाहात शिरलेल्या माशाच्या वरच्या बाजूला उभे राहिले तर मासा आणि नदी या दोघांचाही जोर आपल्या विरुद्ध असतो, त्याच्या खाली जाऊन उभे राहिले तर त्याला आपल्याशी आणि नदीशी एकाच वेळी झुंजावे लागते. मोकळी लाइन तोवर त्यानेच ओढून नेली होती आणि तो आता थेट रिळावरून लाइन घेत होता. काठावरच्या निसरड्या दगडांवरून मी त्याच्या बरोबरीने आणि शेवटी त्याच्या खाली पोचेपर्यंत चालत गेलो. चालताना रॉड उंच धरला, म्हणजे मधले धोंडे लाइनला लागू नयेत, आणि पोचल्यावर पुन्हा आडवा घेतला.

त्यानंतरची लढत लांबली नाही. मी उजवीकडून ओढत होतो तोवर मासा डावीकडे जोर लावून त्या ओढीला सरावत होता. तो स्थिर झाला असे वाटताच मी रॉड डोक्यावरून दुसऱ्या बाजूला नेई आणि ओढ डावीकडून सुरू करी. प्रत्येक वेळी त्याचा तोल जाई आणि हातभर लाइन परत मिळे. रॉड एका बाजूहून दुसरीकडे नेताना ताण क्षणभरही सुटू न देणे हेच यातले खरे कौशल्य आहे आणि मी त्याचा सराव आबांच्या देखरेखीखाली सायप्रिनसवर भरपूर केलेला होता. काठाजवळच्या संथ पाण्यात तो पहिल्यांदा कुशीवर वळला, तेव्हा सोबतच्या मुलाने हातजाळी पाण्यात आधीच बुडवून स्थिर धरली होती. मी रॉड मागे आणि वर नेऊन माशाचे डोके पाण्याच्या पृष्ठभागावर आणले. डोके वर असलेला मासा बुडी मारू शकत नाही. त्याला तसाच सरकवत जाळीवर आणले आणि मुलाने जाळी उचलली. रॉडवर केलेल्या खुणेला लावून पाहिले तर तो 47 सेंटिमीटर भरला. अंगावर पिवळसर तपकिरी झाक होती आणि फिकट कडांचे लाल-काळे ठिपके होते. बिनकाट्याचा गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात होता आणि तो दोन बोटांनी लगेच निघाला.

मोठ्या माशाशी पुष्कळ वेळ झुंजल्याचे काही जण अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. जितका वेळ मासा जीव तोडून पोहतो तितके त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठत जाते, आणि पाणी कोमट असेल तर सोडल्यावर डोळ्यांआड गेलेला तो मासा पुढच्या काही तासांत मरू शकतो. बारीक टिपेट वापरण्याच्या हौसेने लढत लांबवणे हा त्या माशावर अन्याय आहे. पाण्याच्या स्वच्छतेला चालेल तितके जाड टिपेट घ्यावे, 5 एक्सऐवजी 4 एक्सने भागत असेल तर ते घ्यावे, आणि मासा शक्य तितक्या लवकर आणावा. धरण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. त्याला दगडांवर ओढू नये आणि पोट दाबू नये. छायाचित्र हवेच असेल तर सगळी तयारी मासा पाण्यात असतानाच करावी आणि तो काही क्षणच बाहेर काढावा. मग डोके प्रवाहाकडे करून त्याला आधार द्यावा आणि तो स्वतःहून जोर लावून निघेपर्यंत सोडू नये.

सर्वांत मोठा ट्राउट मात्र मी जाळीपासून हातभर अंतरावर गमावला. तो रेनबो ट्राउट होता. हा मासा तपकिरी ट्राउटपेक्षा जास्त वेळा हवेत उसळतो आणि प्रत्येक उसळीला रॉडचे टोक झटकन त्याच्याकडे खाली न्यावे लागते, म्हणजे तो ताणलेल्या टिपेटवर पडत नाही. त्याच्या तिन्ही उसळ्या निभावल्या, धाव निभावली आणि तो दमून कुशीवर आला. त्या दिवशी पाणी फार नितळ असल्याने मी बारा फुटी लीडर लावलेला होता आणि रॉड नऊ फुटांचा होता. मासा जाळीच्या टप्प्यात आणायचा तर लाइन आणि लीडर यांची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीतून आत घ्यावीच लागली. जाळी दिसताच त्याने एकच बुडी मारली. बाहेर निघणारी ती गाठ कडीत अडकली आणि टिपेट तुटले. परत आलेले टोक स्वच्छ होते, त्यावर ना खरवड होती ना वेटोळे. शेवटच्या दोन मीटरांत लाइन जेमतेम बाहेर असते, त्यामुळे तिचा स्वतःचा लवचीकपणा कामी येत नाही आणि झटका पुरताच्या पुरता टिपेटवर बसतो. मासा दमलेला असतो म्हणून हा टप्पा सोपा वाटतो, पण चुकीला सर्वांत कमी जागा इथेच असते.

तेव्हापासून लाइन आणि लीडर यांच्यामधली जुनी फासेगाठ काढून मी नेलनॉट बांधतो आणि तिच्यावर लवचीक गोंदाचा पातळ थर देतो, म्हणजे ती कडीतून सरकते. जाळी धरणारे कोणी नसेल तर मी शेवटी रीळ फिरवत नाही. पाय मागे टाकत माशाला संथ पाण्यात आणतो, म्हणजे गाठ कडीबाहेर राहते आणि त्याने बुडी मारली तर हात पुढे करून ढील देता येते.

टिपेटच्या बाबतीत आमच्या हवामानाने शिकवलेली एक गोष्ट हिमाचलमधल्या कोणाकडूनही कळली नसती. नायलॉन ऊन आणि उष्णता यांनी कमकुवत होते, आणि खानदेशातला उन्हाळा त्याला फार लवकर निकामी करतो. एका वसंतात लागोपाठ चांगले मासे गाठीपाशी तुटून गेले. गाठी नीट ओल्या करून आवळलेल्या होत्या आणि धाग्यावर खरवडही नव्हती. ती रिळे आदल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालच्या खोलीत राहिलेली होती. वजनकाट्याला लावून पाहिले तेव्हा त्यांचे बळ निम्म्यावर आलेले निघाले. आता टिपेटची रिळे एप्रिलपासून मातीच्या घरातल्या फडताळात, सावलीत असतात, आणि तीर्थनला निघण्याआधी प्रत्येक रिळाचा तुकडा काट्याला लावून तुटेपर्यंत ओढून पाहतो.

या हिवाळ्यात आवर्तन सुटले की गिरणेवर फक्त शेवटच्या दोन मीटरांचाच सराव करायचा असे मावसभावाशी ठरले आहे. बारा फुटी लीडर, नवी गाठ, जाळी त्याच्या हातात, आणि मासा काठाशी आला की त्याने जाळी मुद्दाम हलवून माशाला बुडी मारायला लावायची. आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की काठाशी आलेल्या माशाला पुन्हा घाबरवणारा माणूस त्यांनी आजवर पाहिलेला नाही, पण बोटांचे काम पाहायला ते येणार आहेत.